बाळ येणार आहे: मुलुंडला भाड्याचं वन बीएचके की बदलापूरला स्वतःचं टू बीएचके?

खिडकीची_सीट
मंडळी, स्पष्ट बोला. घरात हा विषय निघाला की जेवण गार होतं.

मी मुंबईत फोर्टला नोकरी करते, नवरा नवी मुंबईत ऐरोलीला आयटीत. मुलुंड पूर्वेला भाड्यानं राहतो. वन बीएचके, 33 हजार भाडं, स्टेशन चालत आठ मिनिटं. मला पाचवा महिना लागलाय. करार संपत आलाय आणि मालक तीन हजार वाढवून मागतोय. सासरे म्हणतात, भाडं भरणं म्हणजे पैसे पाण्यात. त्यांच्या आग्रहानं बदलापूर पूर्वेला टू बीएचके बघून आलो. 40 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, साडेआठ टक्के, म्हणजे हप्ता 35 हजारांच्या आत. भाड्याएवढाच. घर छान आहे, खोटं कशाला बोलू. बाल्कनीतून चंदेरीचा डोंगर दिसतो.

नवरा म्हणतो, नोकऱ्या बदलतात, घर राहतं. माझं म्हणणं, घर लहान असू दे, पण पाळणाघरातून फोन आला तर मला तासाभरात पोचता यायला हवं. बदलापूरहून ते कसं जमायचं? दोन्ही आज्या गावाला, त्यामुळे पाळणाघराला पर्याय नाही. आता झोडा.

बदलापूरकर_14वर्षं
नाव वाचून कळलंच असेल मी कुठल्या बाजूचा.

चौदा वर्षं बदलापूर-सीएसएमटी करतोय. दीड तास लागतो, नाही कशाला म्हणू. पण बदलापूरला सुटणारी गाडी धरली की मी बसून जातो, पेपर वाचतो, ठाण्यापर्यंत एक डुलकीही होते. मुलुंडवाले पाऊण तास उभे, तेही एका पायावर. आणि ज्या फास्ट लोकलच्या भरवशावर तुम्ही आहात त्यातल्या सगळ्या मुलुंडला थांबतात का? थकवा मिनिटांवर मोजू नका, उभं राहण्यावर मोजा.

दुसरं म्हणजे भाड्याचं घर. आज मालक तीन हजार मागतोय, उद्या म्हणेल मुलाचं लग्न आहे, घर खाली करा. पोरगं पहिलीत असताना शाळा, मित्र, डॉक्टर सगळं उचलून दुसरीकडे नेऊन दाखवा. माझी दोन्ही मुलं एकाच सोसायटीत वाढली. खाली खेळतात, भूक लागली की ज्याचं दार उघडं असेल त्याच्याकडे जेवतात.

दोन_डबे
बदलापूरकर, तुम्ही बसून जाता ते सकाळी. संध्याकाळचं सांगा ना.

मी अंबरनाथला तीन वर्षं काढली, मुलगा दीड वर्षाचा असल्यापासून. सकाळी सीट मिळावी म्हणून आमच्याकडच्या कितीतरी बायका आधी उलट्या बदलापूरला जायच्या आणि तिथून बसून यायच्या. वीस-पंचवीस मिनिटं नुसती सीटसाठी. ही मिनिटं कुठल्याच टाइमटेबलात नसतात.

कल्याणच्या पुढे कर्जतच्या बाजूला, म्हणजे अंबरनाथ-बदलापूरकडे, येण्या-जाण्याचे दोनच मार्ग. त्याच दोन मार्गांवर लोकल, त्याच्यावरच पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस, त्याच्यावरच मालगाड्या. तिसरी-चौथी मार्गिका मंजूर आहे हे मीही ऐकतेय. पण एक गाडी चुकली की पुढच्या गाडीची वाट बघायची आणि ती आली की दोन गाड्यांची माणसं एका गाडीत. मुलुंडला गाडी चुकली तर माणूस मोबाइल खिशात घालेपर्यंत दुसरी येते.

आमचं पाळणाघर साडेसातला बंद व्हायचं. पुढे दर अर्ध्या तासाला 50 रुपये. पैशाचं काही नाही. पण काकू बिचाऱ्या त्याला साडेसातलाच तयार करून ठेवायच्या. मी पळत जिना चढले की हा चपला घालून, पाठीला पिशवी लावून दारातल्या पाटावर बसलेला. रडत नसायचा. रडला असता तर बरं वाटलं असतं. चौथ्या वर्षी आम्ही भांडुपला आलो, भाड्यानं, निम्म्या जागेत.

बदलापूरकर_14वर्षं
ताई, तुमचा अनुभव खरा आहे, वाद नाही. पण दोष पाळणाघराच्या वेळेचा, गावाचा नाही. आमच्या मजल्यावरच्या काकू रात्री नऊपर्यंत सांभाळायच्या. स्वतःच्या नातवासारखं. मुलुंडला नऊपर्यंत कोण सांभाळतं?

दोन_डबे
नऊपर्यंत सांभाळावं लागतं, हेच तर मी म्हणतेय.

गणिताचा_मास्तर
"भाड्याएवढाच हप्ता" हे वाक्य बिल्डरच्या ऑफिसात चहाबरोबर मिळतं. 40 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याज 28,333 रुपये. हप्ता साधारण 34,700. म्हणजे पहिल्या महिन्यात मुद्दलात जातात जेमतेम सहा हजार चारशे. व्याज हे बँकेला दिलेलं भाडंच. वर मुद्रांक शुल्क, नोंदणी, मेंटेनन्स, पंखे, पडदे, ट्रॉल्या. तुम्ही बायकोच्या नावावर घेतलंत तर मुद्रांकात एक टक्का सूट आहे, तेवढं घ्या.

मी घर घेऊच नका म्हणत नाही. बाळंतपणाच्या वर्षात घेऊ नका म्हणतोय. त्या वर्षात एक पगार कमी-जास्त होण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि हप्ता काही बाळंतपणाची रजा घेत नाही.

मुलुंडचा_जुना
आम्ही पाच जण मुलुंडला एका खोलीत वाढलो. काही अडलं नाही. आताच्या पिढीला बाळ यायच्या आधी बाळाची खोली लागते.

दोन_डबे
काका, त्या खोलीत दिवसभर कोण होतं? आई ना? मग आमची तुलना कशाला करता.

मुलुंडचा_जुना
हे मात्र खरं. आई आणि आत्या.

घोडबंदरची_नणंद
दोन्ही सोडा, ठाण्यात घोडबंदर रोडला बघा. मोठे टॉवर, बाग, पोहण्याचा तलाव, मेट्रो.

कापूरबावडी_सिग्नल
वरच्या प्रतिसादातला शेवटचा शब्द वाचून हसू आलं. माझ्या बहिणीनं 2018 ला तिथे घर घेतलं, वडाळा-कासारवडवली मेट्रो येणार म्हणून. भाची तेव्हा पाळण्यात. 2024 ला ती पहिलीत गेली तेव्हा मेट्रोचे खांब आले होते, मेट्रो यायची होती. घर घेताना जे आज धावतंय त्याच्या जोरावर घ्या. ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लोकल 2004 ला सुरू झाली, त्यानंतर ज्यांनी ऐरोली-घणसोलीला घेतलं त्यांनी डोळ्यांनी गाडी बघून घेतलं. ज्यांनी ब्रोशरमधली गाडी बघून घेतलं ते अजून कापूरबावडीच्या सिग्नलला रिक्षात अडकून बसलेत.

तिरकस_ताई
मी मघापासून वाचतेय आणि एक गोष्ट कुणालाच खटकली नाही याची गंमत वाटते.

धागाकर्ती म्हणते, "मला तासाभरात पोचता यायला हवं." मला? नवरा ऐरोलीला आहे ना! मुलुंड पूर्व आणि ऐरोली यांच्यात फक्त खाडी आहे, आणि खाडीवर पूल आहे. बसनं अर्धा तास, बाइकनं त्याहून कमी. कारनं गेला तर ऑक्टोबर 2024 पासून त्या नाक्यावर टोलही नाही. म्हणजे पोराला ताप आला तर फोर्टहून धावत कोणी यायचं? कोणीच नाही. ऐरोलीहून यायचं. पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला नंबर नवऱ्याचा लिहा, तुमचा दुसरा.

आता हेच बदलापूरला करून बघा. तो ऐरोलीहून ठाण्याला येणार, पूल चढून दुसऱ्या फलाटावर जाणार, मग कर्जतच्या बाजूची गाडी. कल्याणहून ठाणं टाळून थेट ऐरोलीला जाणारी जोडणी कागदावर कधीपासून आहे, प्रत्यक्षात 2024 ला त्यातलं दिघागाव स्टेशन तेवढं उघडलं. म्हणजे दोघंही लांब. मुलुंडला राहून एक आई लांब पडते, बदलापूरला अख्खे आईबाप. मुलुंडचं मला कौतुक नाही, पाणी आणि पार्किंग दोन्हीची बोंब. पण या दोन नोकऱ्यांसाठी ती जागा बरोबर मध्ये आहे.

बदलापूरकर_14वर्षं
आणि नवऱ्यानं नोकरी बदलली, अंधेरीला गेला तर?

तिरकस_ताई
तर घर बदलायचं. भाड्याचंच आहे, हाच तर त्याचा फायदा. घाटकोपरहून अंधेरीला 2014 पासून मेट्रो आहे, त्या बाजूला सरकतील. हप्ता चालू असलेलं घर खांद्यावर घेऊन सरकता येत नाही.

गणिताचा_मास्तर
सहमत. पहिली तीन वर्षं भाडं, नंतर घर.

बदलापूरकर_14वर्षं
आणि तीन वर्षांत भाव कुठे जातील त्याचं गणित मास्तर मांडतील का? मी 2011 ला घेतलं तेव्हाही मला सगळे हेच म्हणत होते, "थांब". जे थांबले ते अजून थांबलेत, मुलुंडलाच, भाड्यानं.

आजी_विनावेतन
आज्या गावाला आहेत म्हणे. गावाला आहेत म्हणजे रिकाम्या आहेत असं नव्हे, पण विचारलंत का? मला मुलानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, येते, पण माझी अट आहे. लिफ्ट हवी, भाजी चालत जाऊन आणता आली पाहिजे आणि संध्याकाळी बसायला दोन बायका हव्यात. डोंबिवलीला तीनही मिळालं, म्हणून मी आले. डोंगर दिसणाऱ्या बाराव्या मजल्यावर एकटीला बाळासोबत ठेवलं असतं तर आठवड्यात परत गेले असते.

एचआरमधली
थोडी कामाची माहिती. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येतात. 50 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोयही करावी लागते. तुमच्या ऑफिसला लेखी विचारा.

दोन_डबे
सोय असेलही. सहा महिन्यांचं बाळ, त्याची पिशवी आणि स्वतःचा डबा घेऊन सव्वाआठच्या फास्टला चढणार कोण? पाळणाघर ऑफिसजवळ नको, घराजवळच हवं. आणि खिडकीची_सीट, तोपर्यंत लेडीज डब्यात धक्के खाऊ नका. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना परवानगी आहे. कुणी डोळे वटारले तर वटारू द्या.

खिडकीची_सीट
सगळे प्रतिसाद नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवले. तिरकस_ताईंचा दोनदा.

तो गप्प झाला, मग म्हणाला, करूनच बघू. बुधवारी ऑफिसातून थेट त्या साइटवर गेला. 6.10 ला निघाला. ठाण्याला दोन गाड्या सोडल्या, तिसरीत शिरला. बदलापूरला शेअर रिक्षाची रांग पुलाच्या पायथ्यापर्यंत. गेटवर पोचला 8.25 ला. तिथून फोन केला. मी म्हटलं, डोंगर दिसतोय का? म्हणाला, अंधार आहे.

तरी निकाल लागलाय असं समजू नका. सासऱ्यांना अजून सांगायचंय. मालकाला तीन हजारांवरून दीड हजारावर आणलंय. पलीकडच्या गल्लीतल्या पाळणाघराचा फॉर्म आणून ठेवलाय आणि नवऱ्यानं स्वतःच्या हातानं पहिल्या रकान्यात स्वतःचा नंबर लिहिलाय. बदलापूरच्या ब्रोकरचा आजही फोन आला होता.

बदलापूरकर_14वर्षं
बुधवारी संध्याकाळी ट्रायल घेतलीत? सकाळची घ्यायची होती हो. बसून आला असता.