सूर, भोंगे आणि शेजार: तुमचे अनुभव लिहा

28 सप्टेंबर 2023 ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, तेव्हा मुंबईतल्या मुस्लिम मंडळींनी जुलूस दुसऱ्या दिवसावर नेला. त्यावरून आमचा जुना वाडा आठवला. मी पहाटे पाचला रियाजाला बसायचे. एकदा पलीकडच्या भाभी दारात आल्या, "बेटा, पंधरा मिनटं थांबशील का? यांची नमाज चालू असते." मला भयंकर राग आला होता. आई एवढंच म्हणाली, "घड्याळ बघून बसत जा." पुढे सहा वर्षं तसंच चाललं. तुमच्याकडे काय झालं? मिटलं नसेल तरी लिहा.

मिरज
आमच्या घरी तंबोरे बनतात. वडील जवारी लावायला, म्हणजे तारेचा नाद खुलावा म्हणून तंबोऱ्याची घोडी घासून जुळवायला बसले की तासन् तास एकच तार छेडत राहतात, त्याशिवाय ती जुळत नाही. समोर नवीन बिऱ्हाड आलं. त्यांच्या मते आपल्या धर्मात वाद्यच मना आहे. भांडण आमच्याच माणसांत, हे कुणाला सांगायचं? वडील पाच वक्ताचे नमाजी. गावात ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या उरुसात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं होतं, ते लहानपणापासून ऐकत आलेले. ते वाद घालायला गेले नाहीत. अजान सुरू झाली की तारेवर हात ठेवतात, संपली की पुन्हा छेडतात. समोरचे अजून सलामाला उत्तर देत नाहीत. मला त्याचा फार त्रास होतो, वडिलांना होत असेल तर दिसत नाही.

बार्देश, गोवा
क्रुसापाशी प्रार्थना आणि आमचं भजन एकाच संध्याकाळी यायचं. आता आम्ही अर्धा तास उशिरा टाळ काढतो. प्रसाद दोन्हीकडचा मिळतो.

म्युनिक
हॉल रिकामा मिळाला म्हणून पाडव्याचा कार्यक्रम गुड फ्रायडेला ठरवला. खालच्या आजींनी समजावलं, बव्हेरियात तो शांततेचा दिवस, जाहीर नाचगाणं बंद. कायदाच आहे. लेझीम पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी केली.

मुंबई
मी तक्रार केली ती आमच्याच गणेश मंडळाची. रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद हा नियम 2000 सालचा. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं उच्च न्यायालयाने 2016 मध्ये स्पष्ट सांगितलं. घरात सासरे अंथरुणाला खिळलेले, डीजेच्या दणक्याने छातीवर हात धरून उठायचे. मशिदीच्या भोंग्याबद्दल मी जे बोलते, तेच आपल्या मांडवाबद्दल बोलायला नको का? मंडळातली मुलं म्हणाली, "काकू, तुम्ही धर्म सोडलात."

यंदा वर्गणीला आमच्या दारी कुणी आलं नाही. मीच नेऊन दिली. पावती फाडली, पण एकानेही मान वर केली नाही.