पन्हाळा ते कासारी: नदीसाठी पळालेल्यांनो, लिहा

दर जानेवारीत आम्ही थोडे जण एक शर्यत भरवतो. पन्हाळ्यावरून निघायचं, मसाई पठार तुडवायचं आणि कासारीच्या खोऱ्यात उतरायचं. एक 21 किलोमीटरची, एक 10 ची. फीमधून खर्च वजा जाऊन जे उरतं त्यातून नदीकाठच्या शाळांना पाणी तपासायचं साहित्य घेतो आणि मुलांना नदीवर न्यायचं गाडीभाडं भरतो. रक्कम सांगण्याजोगी नसते.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा, हे इथल्या प्रत्येकानं शाळेत घोकलंय. प्रयाग चिखलीपासून नरसोबावाडीला कृष्णेत मिळेपर्यंत ती सुमारे 80 किलोमीटर वाहते. पण घोकलेली नदी आणि बघितलेली नदी यांत फरक पडतो, असं दरवर्षी कुणीतरी येऊन सांगतं. ते इथं लिहा. मेडलचे फोटो नकोत. काय दिसलं, काय चुकलं, तेवढं हवं. शिव्याही चालतील, बेतानं.

डांबरी पाय
माझं सगळं पळणं रंकाळ्याभोवतीचं. पठारावर जांभ्याच्या खडबडीवर पहिल्या तासातच घोटा मुरगळला. पुढं एका वळणावर खुणेची फीत दिसलीच नाही, भलत्याच वाटेला लागलो. एक म्हातारे मामा म्हसरं राखत बसले होते. म्हणाले, "कोण मागं लागलंय काय रं?" म्हटलं, नाही मामा, नदीसाठी पळतोय. त्यांनी काठीनं दरीकडं दाखवलं. "नदी तिकडं खाली हाय की." वाट बरोबर दाखवली होती, म्हणून सांगतोय.

बर्गेवाले काका
मी पळत नाही. गुडघे गेले. उताराच्या पायथ्याला पाणी आणि गूळ-शेंगदाणे वाटायला असतो. बंधाऱ्यांवर नोकरी झाली माझी, त्यामुळे पोरं थांबली की थोडं शिकवून सोडतो.

आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला दारं नसतात, बर्गे असतात, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या. पावसाळ्याआधी ते काढायचे, पाऊस सरला की परत घालायचे. त्यामुळे पुराचं पाणी मोकळं जातं आणि उन्हाळ्यात उसाला पाणी राहतं. नामी युक्ती आहे. पण बर्गे घातले की नदी वाहायची थांबते, एकापुढं एक तळी होतात. त्यात गावाचं सांडपाणी आलं की ते तिथंच कुजत बसतं. कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. वरून ऊन. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागं साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला साडेसातच. मग मासा तोंड वर काढतो.

कोल्हापूरकराला पंचगंगेवरचा राजाराम बंधारा फक्त पुरात आठवतो. तिथं पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 ला धोका, हे लहान पोराला पण पाठ. एप्रिलमध्ये तिथं पाण्याचा रंग कसा असतो, विचारा कुणाला.

पेला विसरलेला
कागदी कप देणार नाही, पेला आणा, असं तीनदा कळवलं होतं. विसरलो. ओंजळीनं प्यालो. बाकी सगळं झकास.

सातवी ब च्या बाई
शर्यतीच्या पैशातून आमच्या शाळेला प्राणवायू तपासायच्या बाटल्या आणि रसायनं मिळाली. मला स्वतःला हे कॉलेजनंतर आठवत नव्हतं, आदल्या रात्री वाचून गेले. बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये, मग दोन द्रावणं थेंबथेंब घालायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी गाळ बसतो. नसेल तर पांढराच राहतो. रसायनाला हात फक्त माझा, ही अट.

कासारीच्या पाण्याची बाटली चहासारखी झाली. मुलं खूश. मग शहरातल्या नाल्यावरून भरून आणलेली बाटली काढली. ती पांढरीच. एकजण म्हणाला, "बाई, ह्यात दूध पडलंय." कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या आजीचा निरोप आला, की घरचं निर्माल्य आता नदीत टाकू देत नाही पोरगं, परड्यात खड्डा काढून बसलंय. आजी वैतागली होती. मी अजून तिला भेटायला गेलेले नाही.

सड्यावरची
एक जुनं भांडण इथं नोंदवते. सुरुवातीला ही शर्यत सप्टेंबरात होती. फोटो छान यायचे, कारण पठारावर सीतेची आसवं आणि तेरडा फुललेला असायचा. पण सड्यावर, म्हणजे असल्या खडकाळ पठारावर, माती असते बोटभर, काही ठिकाणी तेवढीही नाही. त्यावरून शेकडो बूट गेले की वाटेच्या दोन्ही बाजूंना फुलांचा चिखल. मी संयोजकांना फोनवर नको ते बोलले. निसर्गासाठी पळताय आणि निसर्गावरूनच पळताय, असं काहीतरी. त्यांनी पुढच्या वर्षी तारीख जानेवारीत नेली. आता गवत वाळलेलं असतं, त्यामुळे विडी-काडी कुणी नेऊ नये, ही माझी नवी कटकट.

खालच्या अंगाचा
शिरोळ तालुक्यातला आहे. दोनदा पळालो. व्यवस्था चांगली, उतरल्यावर गुऱ्हाळातली गरम काकवी तर नादखुळा. पण एक बोलायचं राहिलंय.

तुम्ही नदीच्या वरच्या अंगाला पळता, आम्ही खालच्या अंगाला राहतो. कासारीत पाय सोडून बसलो तेव्हा तळाचे गोटे दिसत होते. मला आनंद झाला नाही, राग आला. हेच पाणी आमच्याकडं येईस्तोवर शहर, कारखाने, इचलकरंजी, सगळ्यांची घाण घेऊन येतं. 2012 ला इचलकरंजीत काविळीनं माणसं गेली, ते तुमच्या पत्रकात कधी नसतं. उन्हाळ्यात आमच्याकडच्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच आणि वर केंदाळाचा, म्हणजे जलपर्णीचा, हिरवा गालिचा. 2019 आणि 2021 ला तर नदीच घरात आली.

स्वच्छ जागी पळून नदी वाचवायची म्हणजे धडधाकट माणसाची नाडी बघायची. एकदा शर्यत आमच्याकडं आणा की.

डांबरी पाय
दादा, वाचून रविवारी मोटरसायकल काढली, तेरवाडला जाऊन आलो. दहा मिनिटं उभा राहिलो. तिथं पळायचं म्हटलं तर श्वास कुठला घ्यायचा?

खालच्या अंगाचा
आम्ही घेतो तोच.

संयोजकांपैकी एक
दादांचं म्हणणं बैठकीत वाचून दाखवलं. वाद झाला. नदीकाठची वाट उसातून जाते, वाहनं आहेत, डॉक्टर नको म्हणाले, प्रायोजकांचं तर विचारूच नका. शर्यत यंदा तिकडं नेता येणार नाही.

मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी बाईंच्या वर्गातली 12 मुलं बाटल्या घेऊन तेरवाडला येतील. कासारी, राजाराम बंधारा आणि तेरवाड, एकाच दिवशी तिन्ही ठिकाणचं पाणी. खालच्या अंगाचे दादा, जागा तुम्ही दाखवायची आहे. काका येतायत. गाडीत अजून तीन जागा आहेत, पेला आणि जुन्या चपला घेऊन या.

पेला विसरलेला
एक जागा माझी. पेला आत्ताच पिशवीत टाकला.