बाबांच्या पितळी टेबल लॅम्पची वायर बदलावी का?

प्रश्न (गुहागर तालुका)

नमस्कार. आमचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मुंबईला गेले असताना त्यांनी लोहार चाळीतून एक पितळी टेबल लॅम्प आणला होता आणि पुढे निवृत्तीपर्यंत त्याच्याच उजेडात ते मुलांच्या वह्या तपासत असत. दिव्याच्या बैठकीवरच्या बटणाच्या शेजारी त्यांचा अंगठा टेकून टेकून पितळ झिजले आहे आणि तेवढीच जागा अजूनही चकचकीत दिसते.

गेल्या दोन पावसाळ्यांत या दिव्याच्या दांड्याला हात लावला की झिणझिण्या येतात. उन्हाळ्यात मात्र काहीच जाणवत नाही. वायर जुनी, तपकिरी सुती वेष्टनाची आणि दोनच तारांची आहे. काल ती जरा वाकवून पाहिली, तर वेष्टनातून काळा चुरा टेबलावर पडला. गावातील एकाने सुचवले की, फक्त प्लगजवळचा खराब तुकडा कापून टाकावा. ती वायरही बाबांच्या वेळचीच असल्यामुळे टाकवत नाही. शिवाय दांड्यावर हिरवट थर चढला आहे, होल्डर बेकेलाइटचा आहे आणि बटणाचा तो ‘टक्’ आवाज आम्हाला जपायचा आहे. यांतले काय ठेवावे आणि काय बदलावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (निवृत्त वायरमन, रत्नागिरी)

ताई, पुढचे वाचण्याआधी त्या दिव्याचा प्लग काढून ठेवा. नुसते बटण बंद केल्याने भागत नाही, कारण दोन पिनांचा प्लग उलटा बसला की बटण न्यूट्रलच्या (वीज परत नेणाऱ्या) तारेवर येते आणि दिवा विझलेला असला तरी आत होल्डरपर्यंत फेज (वीज आणणारी बाजू) पोचलेला असतो.

तो काळा चुरा म्हणजे तारेवरचे रबर आहे. सुती वेष्टन केवळ वरचे असते. वीज अडवण्याचे काम आतले रबर करते आणि ते वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने व हवेने कडक होऊन तडकते. आपल्या किनाऱ्यावर त्यात मिठाची भर पडते. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे खारे वारे प्यायलेले सुती वेष्टन पावसाळाभर ओलसर राहते आणि तडकलेल्या रबरातून विजेला पितळापर्यंत वाट मिळते. त्याच दिवसांत जमीन दमट असते आणि आपण घरात अनवाणी वावरतो, म्हणून झिणझिण्या पावसातच जाणवतात. दोष मात्र बाराही महिने तिथेच असतो. तेव्हा तुकडा कापून उपयोग नाही, वायर पूर्ण बदलावी लागेल. जुनी वायर बाबांची आठवण म्हणून पेटीत जरूर ठेवा. तिच्यातून वीज मात्र पुन्हा सोडू नका.

नवी वायर तीन तारांची, ०.७५ चौरस मिलिमीटरची, लवचिक घ्यावी. तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणारी. जुन्या वायरिंगमध्ये याच तारा अनुक्रमे लाल, काळी आणि हिरवी असत. जुने रूप राखायचे असेल तर वरून कापडी वीण असलेली तीन तारांची वायरही मिळते. बटण फेजच्या तारेवरच आले पाहिजे. बैठकीच्या ज्या भोकातून वायर आत जाते तिथे रबरी बुश (कडेने वायर कापू नये म्हणून बसवायचे कडे) बसवा आणि ओढ जोडांवर न येता बैठकीवर यावी अशा रीतीने वायर आत पक्की करा.

सर्वांत महत्त्वाची ती तिसरी तार. ती थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे कडे) लावून बैठकीच्या आतील बाजूस, पितळ खरवडून उजळ केलेल्या जागी, पितळी स्क्रूनेच आवळावी. लोखंडी स्क्रू आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजून सैल होतो. दांडा आट्यांनी जोडलेला असेल तर आट्यांत साचलेल्या हिरव्या गंजामुळे बैठक अर्थिंगला जोडलेली आणि वरचा भाग मात्र न जोडलेला, असेही घडते. म्हणून प्लगच्या लांब, जाड पिनेपासून होल्डरच्या पितळी कड्यापर्यंत मीटर लावून पाहावे. रोध १ ओहमच्या आत यायला हवा.

बेकेलाइटचा होल्डर माझ्या मते बदलावा. बेकेलाइट उष्णतेने वितळत नाही, पण तडकते, आणि जळून काळ्या पडलेल्या रेषेतून वीज वाहू लागते. बटणाचे तसे नाही. ७ वॅटच्या एलईडी बल्बला अँपिअरचा काही शतांशच प्रवाह लागतो, तेव्हा बटण ५०० व्होल्टच्या मेगरवर (वीज कुठे गळते का ते तपासणाऱ्या यंत्रावर) चांगले ठरले तर खुशाल राहू द्या.

उत्तर (वेंगुर्ला)

पितळाविषयी थोडे लिहिते, कारण आमच्याकडेही सासूबाईंचे असेच एक जुने झुंबर होते आणि ते मी स्वतः घासून जवळजवळ बिघडवले होते.

आपल्याकडे पितळ म्हटले की हात आपसूक चिंच-मिठाकडे किंवा कोकमाच्या आगळाकडे जातो. रोज घासल्या जाणाऱ्या समईला ते चालते, या दिव्याला मात्र चालणार नाही, कारण आगळातही मीठ असते आणि समुद्राच्या वाऱ्याने साचलेल्या मिठात आपण आणखी मीठ घालतो. ते फटींत राहिले की पंधरा दिवसांत फिकट हिरवी भुकटी पुन्हा वर येते. म्हणून आधी वायर, होल्डर आणि बटण काढून घ्यावे, मग मिठाशिवाय नुसत्या चिंचेच्या पातळ कोळाने मऊ फडक्याने दोन-चार मिनिटेच पुसावे. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते वापरू नये. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर घेऊन दोनदा धुवावे आणि आट्यांतला ओलावा पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवावे. अमोनिया असलेले पॉलिश टाळा. ताण असलेल्या पातळ पितळी नळीला त्याने तडे जातात.

कुठे गुलाबी डाग दिसले तर ते घासू नका. तिथे पितळातले जस्त निघून जाऊन तांबे उरलेले असते आणि घासल्याने गेलेले जस्त परत येत नाही. शेवटी मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात द्यावा, मात्र अर्थिंगचा स्क्रू बसेल ती जागा मेणाविना कोरी ठेवावी. आणि बटणाजवळच्या अंगठ्याच्या जागेला चिंच लावूच नका. बाकीचे पितळ उजळून तिच्यासारखे झाले तर ती खूण दिसेनाशी होईल. दांडा थोडा मळकट राहिला तरी चालेल.

प्रश्नकर्तीकडून (तीन आठवड्यांनंतर)

आपणां दोघांचे मनःपूर्वक आभार. दिवा काल संध्याकाळी पुन्हा लागला.

नवी वायर जुनीच्या टोकाला बांधून ओढून घेण्याचा बेत होता, पण जुनी वायर दांड्याच्या वळणात तुटली. शेवटी सायकलच्या ब्रेकची तार आत सारून नवी वायर ओढून घेतली. जुन्या वायरचा अडकलेला तुकडा बाहेर आला तेव्हा दोष कुठे होता ते डोळ्यांना दिसले: वळणातल्या नळीच्या धारदार कडेने वेष्टन कापले गेले होते आणि तिथे तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या होत्या. ती कड आम्ही कानशीने गोल करून घेतली. बटण मेगरवर उत्तम ठरले, त्यामुळे ‘टक्’ आवाज आहे तसाच आहे. अंगठ्याच्या जागेला हात लावलेला नाही.

एक गोष्ट मात्र धक्कादायक निघाली. त्या खोलीतला तीन पिनांचा सॉकेट पूर्वी कोणा कारागिराने बसवला होता, त्यात अर्थिंगची तार आलेलीच नव्हती. त्याने आत तारेचा एक तुकडा टाकून न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडून दिला होता.

उत्तर (निवृत्त वायरमन, रत्नागिरी)

ते उघडून पाहिलेत हे फार बरे केलेत. अशा सॉकेटला येणारी न्यूट्रल कुठे तुटली, तर दिव्याचे बटण चालू असताना बल्बमधून परतणारा फेज त्या तुकड्यावाटे अर्थच्या तारेत येतो आणि सबंध पितळी दिवा २३० व्होल्टवर जातो. म्हणजे नव्याने घातलेली तिसरी तारच घातक ठरली असती. तो तुकडा काढून मुख्य अर्थिंगपासून स्वतंत्र तार आणल्याशिवाय दिवा तिथे लावू नका.

आणखी एक सांगतो. आपली जमीन जांभ्याची, पावसाचे पाणी धरून न ठेवणारी, त्यामुळे मार्च उलटला की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. तो ५० ओहम झाला तर २३० व्होल्टला जेमतेम ४.६ अँपिअर प्रवाह जातो, तेवढ्याने ६ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारे बटण) पडत नाही आणि पितळात वीज तशीच राहते. म्हणून मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारे उपकरण) बसवून घ्या, त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी घालत चला.