मदत हवी आहे: निर्वासितांवर पीएचडी करणाऱ्या परदेशी मुलीला गावात साथ द्यायची आहे, आधी काय काय ठरवून घेऊ?

इटियाडोहकाठ

नमस्कार मंडळी. अर्जुनी मोरगाव तालुक्यात (जि. गोंदिया) माझं ऑनलाइन कामांचं छोटं दुकान आहे. सातबारा, आधार, पीक विमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, झेरॉक्स. शिक्षण एमएसडब्ल्यू, नागपूरहून. युरोपातल्या एका विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या मुलीचा मेल आला आहे. विषय स्थलांतर आणि आश्रय. आमच्याकडे येऊन काही महिने राहायचं म्हणते आणि मी तिची स्थानिक सहायक व्हावं अशी तिची इच्छा आहे.

आमचाच तालुका का, तर गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. कागदावर नाव नोर्ग्येलिंग, आम्ही तिबेटी कॅम्प म्हणतो. आणि त्याच तालुक्यात अरुणनगरसारखी पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत. बंगाली लोक मतदान करतात, ग्रामपंचायत लढवतात. तिबेट्यांपैकी बहुतेकांच्या हातात मात्र आजही परदेशी नागरिकाचं नोंदणीपत्र, म्हणजे आरसी. दोघंही धान पिकवतात, दोघांचीही पोरं आमच्या पोरांसारखंच बोलतात. तिला ही तुलना करायची आहे. विषय चांगला आहे, खोटं कशाला बोलू.

अडचण वेगळीच आहे. तिला माझ्याकडून घरोघरी ओळख, बोलण्याचा अनुवाद (बंगाली मला कामापुरती येते, तिबेटी अजिबात नाही, तिथे हिंदीवर भागतं) आणि मुलाखत देणाऱ्यांच्या संमतीपत्रावर सह्या हव्या आहेत. संमतीपत्र इंग्रजीत आहे. "तुम्ही जागेवर समजावून सांगा" असं लिहिलंय.

आता माझ्या दुकानात येणारा प्रत्येक कागद सरकारी असतो. मी "इथे सही करा काका" म्हटलं की काका सही करतात, वाचत नाहीत. बारा वर्षांची पोरगी असल्यापासून मला ओळखणारे लोक आहेत. मी नेलेला कागद ते माझ्या भरवशावर सही करून देतील, संशोधन समजून नव्हे. कोणी त्याला घरकुलाचा अर्ज समजेल, कोणी नागरिकत्वाचा. अशा सहीला काय अर्थ?

दुसरं, दुकानात लोकांनी जुने कागद स्कॅन करून घेतले आहेत: आरसी, आजोबांना सीमेवर मिळालेल्या बॉर्डर स्लिपा, कॅम्पचे कार्ड. त्यातले "काही नमुने नावं झाकून" मिळतील का, असंही तिने विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तिसरं म्हणजे पैसे. ती दर मुलाखतीमागे द्यायला तयार आहे. रक्कम आमच्याकडच्या मानाने बरी आहे.

पोरगी मनाने सरळ वाटते, म्हणून नाही म्हणायचं जिवावर आलंय. पण ती जाईल आणि मी इथेच राहणार. हो म्हणण्याआधी तिच्याकडून काय काय लिहून घेऊ? कोणी असं काम केलेलं आहे का?

कास्तकार_बाप्या

ताई, पैशाचं आधी बोला, मंग लाजून काई फायदा नाई. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर अन् कर्जावर इचारपूस करणारे एवढे येऊन गेले का लोकाइले प्रश्न पाठ झाले. आमच्या गावचा एक म्हातारा तं पयला प्रश्न इचाराच्या आधीच तिसऱ्याचं उत्तर देते. थ्या रिपोर्टाचं पुढं काय झालं हे मातर कोनालेच मालूम नाई. तुमी एवढंच लिहून घ्या, का छापलेलं पुस्तक मराठीत गावात आलं पायजे.

मोसमी_माणूस

ताई, मी मुंबईत हंगामी स्थलांतरित मजुरांवर संशोधन करतो, त्यामुळे कुंपणाच्या पलीकडून बोलतो असं समजा.

तुम्ही पैशाला तिसरा नंबर दिलात, मी पहिला देईन. दर मुलाखतीमागे पैसे अजिबात घेऊ नका. रक्कम कमी-जास्त हा मुद्दा नाही. मुलाखतीमागे पैसे ठरले की समोरच्याने "नको" म्हटल्यावर नुकसान तुमचं होतं, आणि मग नकळत तुम्हीच मनधरणी करू लागता. दिवसाच्या हिशोबाने मागा. कोणी बोललं नाही तरी तो दिवस तुमचा भरला पाहिजे. अनुवाद आणि रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढणं हे वेगळं काम आहे, त्याचे वेगळे पैसे. एका तासाचं बंगाली-हिंदी मिश्र बोलणं उतरवायला दिवस जातो, हे तिला बहुधा माहीत नसेल.

संमतीबद्दल तुम्हाला जे खटकतंय ते आमच्यातल्या अनेकांना सुचतही नाही. तिच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी असणारच. ते पत्र मागून घ्या आणि समितीचा पत्ता संमतीपत्रकावर आहे का बघा. सही धोक्याची किंवा गैरसमजाची वाटत असेल तर बऱ्याच समित्या तोंडी संमती मान्य करतात. माहिती समजावून द्यायची, प्रश्न विचारू द्यायचे, होकार आवाजात नोंदवायचा. त्यासाठी तिला समितीकडे बदलाचा अर्ज करावा लागेल. करू दे. पत्रक मराठी, बंगाली आणि तिबेटीत तिच्या खर्चाने करून घ्या, जागेवरचा अनुवाद चालणार नाही.

आणि संमती तुम्ही मुळीच घेऊ नका. तुम्ही ओळख करून द्या आणि उठून या. विचारणं तिचं काम. माहिती दिल्यावर मध्ये दोन-चार दिवस जाऊ द्या. मुलाखत दुकानात नको. लोकांना स्पष्ट सांगा की "नाही म्हटलंत तरी तुमचा पीक विमा मी भरणारच." हास्यास्पद वाटेल, पण गावात हे बोलून दाखवावं लागतं.

स्कॅनचं म्हणाल तर सरळ "नाही" म्हणा. ते कागद लोकांनी झेरॉक्ससाठी दिले, अभ्यासासाठी नाही. ज्याचा कागद त्याला ती स्वतः विचारेल, तो दाखवेल तर बघेल. २०२३ च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला काही अटींवर सूट आहे, त्यामुळे ती उद्या "कायद्यात बसतं" म्हणू शकते. तुमचा नकार कायद्याच्या आधाराचा नकोच, ग्राहकाच्या विश्वासाचा असू द्या.

हा विषय स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून तसा अलीकडचा आहे. ऑक्सफर्डमध्ये बार्बरा हॅरेल-बॉन्ड यांनी निर्वासित अभ्यासाचं केंद्र १९८२ मध्ये उभं केलं, आणि सक्तीच्या स्थलांतराच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची आचारसंहिता यायला २०१८ उजाडलं. तिला ती पाठवायला सांगा. स्थानिक माणूस ते वाचतोय म्हटल्यावर संशोधक जरा सावरून बसतो. स्वानुभव आहे.

मुलचेराकर

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या बंगाली वस्तीतला, तिसरी पिढी. आजोबा १९६४ च्या दंगलींनंतर खुलन्याकडून निघाले. आधी रायपूरजवळचा माना कॅम्प, मग तेव्हाचा चांदा जिल्हा. घरी बंगाली, बाजारात मराठी, कॉलेजात हिंदी.

तुमच्या संशोधक मुलीला एक निरोप द्या. आमच्याकडे येणारा प्रत्येक अभ्यासक नदी कशी ओलांडली, काय पाहिलं, कोण मेलं एवढंच विचारतो. आजी आता सरळ "माहीत नाही" म्हणते आणि भाजी निवडायला बसते. ज्याचा आम्हाला रोज त्रास आहे ते विचारायला कोणी येत नाही. आमची जात नमःशूद्र. ते पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. माझ्या मामेभावाला तिकडे जो दाखला मिळतो तो मला इथे मिळत नाही. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला उभं राहिलं की स्थलांतर म्हणजे काय ते कळतं, त्यासाठी सीमा ओलांडावी लागत नाही.

शिवाय तारखा. कोणत्या वर्षी आलात, कागद काय आहे, हे प्रश्न २०१९ नंतर साधे राहिलेले नाहीत. त्या वर्षीच्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांची अट आहे, आणि आमचे लोक त्याच्या अर्धशतक आधीचे. तरी म्हातारी माणसं घाबरतात. इतकी वर्षं मत दिलेला माणूससुद्धा "पुन्हा कागद दाखवायचे का" म्हणून विचारतो. तिला येण्याचं वर्ष खरंच हवं आहे का, की सवयीने विचारणार आहे, ते आधी ठरवू दे.

खडा_सवाल

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कशाला ही भानगड? तिला पदवी मिळेल, तुम्हाला आभाराच्या पानावर एक ओळ. उद्या पोलीस पाटील दारात येऊन विचारेल, परदेशी बाई कोण होती. नाही म्हणा आणि दुकान चालवा.

मोसमी_माणूस

@खडा_सवाल, अर्धं पटतं. पण मुलचेराकरांनी वर जे लिहिलंय त्याचंच उदाहरण घ्या. अनुसूचित जातींच्या यादीत एखादी जात घालायची तर राज्याला समाजशास्त्रीय, मानववंशशास्त्रीय माहितीसह प्रस्ताव पाठवावा लागतो. तो भारताचे महानिबंधक आणि राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे जातो आणि शेवटी कलम ३४१ खाली संसदेत कायदा होतो. ती माहिती कोणीतरी गोळा केलेली असावी लागते. नीट केलेला अभ्यास असा उपयोगी पडू शकतो. प्रश्न "अभ्यास करू द्यावा का" हा नाही, "कोणाच्या अटींवर" हा आहे.

जाता जाता मनातलं सांगतो. गडचिरोली-गोंदियाकडून माणसं दर वर्षी तेलंगणात मिरची तोडायला जातात, घरं कुलूपबंद होतात. त्यांच्यामागे इतके अभ्यासक लागत नाहीत. आश्रय हा शब्द असला की निधी मिळतो, मिरची म्हटलं की मिळत नाही. असो, हे माझं रडगाणं.

जुना_फाइलवाला

निवृत्त आहे, महसूल खात्यात होतो. नियमांचं बोलतो.

परदेशी नागरिकाला तिबेटी वसाहतीत जायला केंद्रीय गृह मंत्रालयाची संरक्षित क्षेत्र परवानगी लागते. लोक तिला पॅप म्हणतात. तिबेटी वसाहतींसाठीचा अर्ज साधारणपणे दिल्लीतल्या दलाई लामांच्या ब्युरोमार्फत जातो. आठवड्याभरात होणारं काम नाही. बंगाली गावांना ही अट नाही. ती परवानगी हातात येईपर्यंत गोठणगावच्या कॅम्पमध्ये तिला पाऊलही टाकू देऊ नका, "फक्त चहाला" सुद्धा नाही. त्रास तिच्याइतकाच वसाहतीच्या प्रतिनिधीला आणि तुम्हाला होतो.

व्हिसा कोणता आहे ते बघा. पर्यटक व्हिसावर संशोधन करता येत नाही.

तुमच्या घरी राहणार असेल तर परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म, जुन्या नावाने सी-फॉर्म. परदेशी पाहुणा आल्यापासून २४ तासांच्या आत ऑनलाइन भरायचा असतो. हॉटेललाच लागतो असं लोक समजतात, घरालाही लागतो. तुमचं तर दुकानच ऑनलाइन कामांचं, सोपं जाईल. ठाण्यात आधीच स्वतः जाऊन सांगून या. खडा_सवाल म्हणतात ती चौकशी मग होणारच नाही असं नाही, पण चहावर आटोपेल.

आणखी एक बाब. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेट्यांचं सगळं भारत सरकार थेट पाहतं. गोरी मुलगी येऊन आश्रयाबद्दल विचारते म्हटल्यावर एखाद्या तरुणाला वाटू शकतं की ही आपलं परदेशात जायचं काम करील. तसं काही होणार नाही, हे पत्रकात पहिल्याच परिच्छेदात असलं पाहिजे.

धानाची_पेंढी

शेजारच्या साकोली तालुक्यातून. तिला कधी यायचं आहे? कोणी विचारलंच नाही. रोवणीत, म्हणजे जुलै-ऑगस्टला आली तर बाया धानाच्या बांधीत असतील, रोजी बुडवून कोण बोलेल? आणि थंडी सुरू झाली की तिबेटी लोक स्वेटर विकायला नागपूर आणि इतर शहरांत निघून जातात, कॅम्पमध्ये म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं उरतात. तेव्हाच मुलाखती घेतल्या तर प्रबंधात लिहील, "वसाहत ओस पडत चालली आहे." होळीच्या आगेमागे बघा, तिबेटी नवीन वर्ष लोसारही साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये असतं, लोक परतलेले असतात. मोहफुलांचा मोसम मात्र त्याच सुमारास लागतो, पहाटे लोक ती वेचायला गेलेले असतात, तेव्हा कोणाच्या घरी जाऊ नका.

इटियाडोहकाठ

सगळ्यांचे आभार. बाप्या भाऊ, तुमचं मराठी प्रतीचं कलम पहिलं घातलंय.

तिला लांबलचक मेल केला. दिवसाचे पैसे, उतरवून देण्याचे वेगळे. पत्रक तिन्ही भाषांत. संमती ती स्वतः घेईल, शक्य तिथे तोंडी. पॅप आणि व्हिसाची प्रत आधी. स्कॅन मिळणार नाहीत. जातीचा दाखला आणि जमिनीचे प्रश्न विचारणार असशील तर बंगाली गावांत ओळख करून देईन, नुसती नदी ओलांडायची गोष्ट हवी असेल तर नाही, असंही लिहिलं. मुलचेराकर, हे तुमचं.

तिचं उत्तर आलं. पैशाचं आणि भाषांचं मान्य. व्हिसा संशोधनाचाच आहे म्हणते. तोंडी संमतीसाठी समितीकडे अर्ज करते. पॅपचं तिला माहीत नव्हतं, त्यामुळे सुरुवात बंगाली गावांतून आणि होळीनंतर.

एकच गोष्ट अडली आहे. मी नावं बदलायला सांगितली, ती म्हणते बदलणारच. पण "नागपुरात स्वेटरचं दुकान असलेली, पूर्वी वसाहतीच्या सहकारी संस्थेत असलेली विधवा बाई" असं लिहिलं तर आमच्याकडे दुसरी कोण असणार? नाव बदलून काय उपयोग?

मोसमी_माणूस

बरोबर पकडलंत. लहान वस्तीत नाव बदलणं पुरत नाही, तपशीलही मोडावे लागतात. व्यवसाय एकीचा, वय दुसरीचं, किंवा दोघी-तिघींचं बोलणं एकत्र करून लिहायचं आणि तसं केल्याचं प्रबंधात सांगायचं. गावाचं नाव घ्यायचं की फक्त "पूर्व विदर्भातला एक तालुका" म्हणायचं, हेही तिने लोकांना विचारून ठरवावं. काहींना आपलं नाव हवं असतं, तेही विचारा. छापण्याआधी संबंधित उतारे तुम्ही वाचाल आणि ओळख पटते का ते सांगाल, असं करारात टाका. या वाचनाचेही दिवसाचे पैसे.

जुना_फाइलवाला

आणि ताई, दुकानातल्या संगणकावर लोकांच्या आरसीचे स्कॅन अजून पडून असतील तर आज काढा. प्रिंटरची मेमरी, व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, डाउनलोडचं फोल्डर, सगळं. संशोधक आली काय, न आली काय.

इटियाडोहकाठ

काढतेय. डाउनलोडमध्येच शेकड्याने निघाले. करार मराठीत लिहून झाला की नावं काढून इथे टाकते, चुका सांगा.