पहिल्या वर्षात तालीम आणि डिसेक्शन, दोन्ही कसं जमवायचं?

प्रश्न (पहिलंवर्ष): मेडिकलचं पहिलं वर्ष. आठवड्यातून तीन संध्याकाळी ७ ते ९ नाटकाची तालीम असते, त्यात आता क्रीडा समितीत ये म्हणतायत. अ‍ॅनाटॉमी (शरीररचना) मागे पडायला लागलीय. नाटक सोडायचं नाही. वेळ कसा बसवू?

ब्रेकियल: तालीम दोन तासांची असली तरी जाणं-येणं, जेवण, नंतरच्या गप्पा मिळून साडेतीन तास जातात. आठवड्याचे साडेदहा. वेळापत्रकात हा आकडा लिही, मग उरलेल्यात अभ्यास बसव.

डिसेक्शन, म्हणजे मृतदेह उघडून शिकण्याचा तास, मात्र बुडवू नकोस. व्हिडिओत सगळं आधीच साफ करून ठेवलेलं असतं. फॅशिया (स्नायूंवरचं पातळ आवरण) बाजूला करताना नर्व्ह कुठे सापडते, धमनीच्या कुठल्या बाजूला जाते, ते स्वतः केल्यावरच डोक्यात बसतं. आदल्या रात्री अर्धा तास वाचन. त्याच दिवशी तालमीआधी वीस मिनिटं पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर काढ. उदा. ब्रेकियल प्लेक्सस (हाताला जाणाऱ्या नर्व्हचं जाळं): सी५ ते टी१, ५ रूट, ३ ट्रंक, ६ डिव्हिजन, ३ कॉर्ड, ५ टर्मिनल शाखा. अडलं तेवढंच उघडून बघ. नुसतं परत परत वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं, पण व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) तोंडातून शब्द निघत नाही.

नेफ्रॉन: वरचं बरोबर, पण फक्त अ‍ॅनाटॉमीपुरतं. फिजिऑलॉजी (शरीराचं काम कसं चालतं ते) अशी तुकड्यांत होत नाही. कार्डियाक सायकलमध्ये (हृदयाच्या एका ठोक्याच्या क्रमात) दाब, आकारमान, ईसीजी आणि हार्ट साउंड्स एकाखाली एक जुळवायचे असतात. मध्ये उठलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यासाठी तालीम नसलेल्या दिवशी सलग दीड तास ठेव. तालमीत आपला प्रवेश येईपर्यंतची दहा-दहा मिनिटं मसल अटॅचमेंट, हिस्टॉलॉजी (ऊतींच्या) स्लाइड आणि अँकीला (फ्लॅशकार्डांचं अ‍ॅप) चालतात.

अँकीत रोज २० नवी कार्डं घेतलीस तर काही आठवड्यांत उजळणीच दोनशेच्या आसपास जाते. नाटकाचा प्रयोग जवळ आला की नवी कार्डं शून्य कर, उजळणी चालू ठेव. सगळे नेमकं उलटं करतात: उजळणी आठवडाभर बंद, मग हजारभर कार्डं साचलेली बघून अ‍ॅपच काढून टाकतात.

पडद्यामागे: समितीला यंदा नाही म्हण. तालमीची वेळ ठरलेली असते, समितीचं काम फोनवर, कधीही, आणि स्पर्धेच्या आठवड्यात दिवसभर येतं. हौस असेल तर स्पर्धेच्या एका दिवसाची जबाबदारी घे, पद नको. परीक्षेच्या तारखा दिग्दर्शकाला आत्ताच लेखी दे. आयत्या वेळी सांगितलंस तर सगळ्यांच्याच तालमी कोलमडतात.

पहिलंवर्ष: तालमीच्या रात्री ११ ते १ बसलं तर?

नेफ्रॉन: नको. दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं. ती तोडलीस तर दुसऱ्या दिवशीचं लेक्चरही जातं. त्या रात्री फक्त उरलेली उजळणी, जास्तीत जास्त वीस मिनिटं, आणि झोप. नवीन काही उघडू नकोस.