‘मीठ कमी करा’ एवढ्यानेच बीपी उतरेल काय?

आरोग्यसेविका, दारव्हा तालुका : आमच्याकडे बीपी मोजून झाले की प्रत्येकाला ‘मीठ कमी खा’ एवढेच सांगितले जाते आणि माझ्या मते तो अर्धाच सल्ला आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, तसेच किमान 3,510 मिलिग्रॅम पोटॅशियमही सुचवते. पोटॅशियम पुरेसे मिळाले की मूत्रपिंडे मिठातले सोडियम धरून न ठेवता लघवीवाटे बाहेर टाकतात आणि रक्तवाहिन्याही सैलावतात. ते तुरीच्या वरणात, केळीत, संत्र्यात, पालेभाज्यांत असते. परंतु आपण अंबाडी उकडून तिचे आंबट पाणी पिळून टाकतो, तेव्हा त्यातले बरेचसे पोटॅशियम मोरीत जाते.

शेतकरी, पुसद : मला हे पटत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना दिवसभर वावरात राबणाऱ्याच्या अंगातून घामावाटे किती मीठ जाते, याचा विचार या 5 ग्रॅमच्या मापात कुठे आहे? मीठ तोडून माणूस धुऱ्यावर चक्कर येऊन पडला, तर त्याला जबाबदार कोण?

निवृत्त औषधनिर्माता, हिंगणघाट : घामाचा मुद्दा खरा आहे, पण तो उन्हाळ्यातील कष्टाच्या दिवसांपुरता, लोणचे, पापड आणि खारोड्या मात्र आपण बाराही महिने खातो. चीनमधील 600 गावांत सुमारे 21,000 लोकांवर झालेल्या अभ्यासात निम्म्या गावांना 75 टक्के सोडियम क्लोराइड (म्हणजे साधे मीठ) आणि 25 टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिले गेले, आणि तेथे पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. चव न सोडता फायदा होत असेल, तर असे मीठ रेशनवर का मिळू नये?

आरोग्यसेविका : सरसकट देण्याला माझा विरोध आहे. गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. मूत्रपिंडे कमजोर असली की पोटॅशियम रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्यांनीही ते वाढू शकते. ज्यांचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे कशी चालतात हे रक्तातून दाखवणारे माप, आयुष्यात एकदाही तपासलेले नाही, अशी कितीतरी माणसे माझ्या गावांत आहेत. त्यांच्या घरी हे मीठ कोणाच्या भरवशावर पोहोचवायचे?

शेतकरी, पुसद : मग आधी गावातच क्रिएटिनिनची तपासणी सुरू करा, मिठाचे नंतर पाहू. उन्हात राबणाऱ्यालाही तोच 5 ग्रॅमचा सल्ला देऊ नये, हे माझे म्हणणे मात्र कायम आहे.