मदत हवी: कुर्त्यावरचं वाळवंट पहिल्याच धुण्यात वाहून गेलं

कुंचला: रविवारी सकाळी सात कुर्ते द्यायचेत, डोकं फिरलंय. जैसलमेरजवळच्या समच्या वाळूच्या टेकड्या रंगवतेय, खाली तांबूस, वर फिकट पिवळा. रंग रेषेबाहेर पसरतो. नमुन्याचा कुर्ता धुतला तर निम्मा पिवळा गेला. काय चुकतंय? लवकर सांगा.

पूर्वभाग_अण्णा: कापड कोणतं? रंग कोणता? पाणी किती?

कुंचला: कॉटनच हो. फॅब्रिक कलर.

फुलवंती: ताई, असे कुर्ते मी १८०० ला देते. कमीत देऊ नका, लोक किंमत करत नाहीत.

कुंचला: दर नाही विचारला मी.

माळरान: राजस्थान कशाला? आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी काढा की.

भर_उन्हात: माळढोक जैसलमेरकडच्या डेझर्ट नॅशनल पार्कातपण आहे. बसवा दोन्ही. तसंही मे महिन्यातलं सोलापूर काढलं तरी वाळवंटच दिसणार.

मीठवाली: ओल्या रंगावर जाडं मीठ टाका! हुबेहूब वाळूचे ठिपके येतात.

पूर्वभाग_अण्णा: ते सिल्कवरच्या पातळ रंगाला. दाट फॅब्रिक कलरला मीठ काही करत नाही.

मीठवाली: मी स्वतः केलंय.

पूर्वभाग_अण्णा: कशावर?

मीठवाली: सिल्कच्या स्टोलवर.

पूर्वभाग_अण्णा: असो. ताई, शिवायच्या आधी कापड धुतलं होतं का?

कुंचला: नवं कोरं कापड कशाला धुवायचं? आणि फिकट छटेसाठी रंगात पाणी घालते, बऱ्यापैकी.

पूर्वभाग_अण्णा: इथंच घोडं पेंड खातंय. आमच्या घरी माग होते. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ (कांजी) लावल्याशिवाय सूत मागावर टिकत नाही. ती खळ कापडात राहिली की रंग धाग्यात न शिरता वरच बसतो. त्यात पाणी जास्त झालं की रंगातला धरून ठेवणारा चिकटपणा जातो, मग तो पसरतोही आणि धुपतोही. पाण्याऐवजी मिडियम (फॅब्रिक कलर पातळ करायचं तयार द्रावण) घाला, तेही बेतानं. फिकट हवं तर पांढरा मिसळा, नाहीतर जवळजवळ कोरडा ब्रश फिरवा, वाळूला तोच पोत शोभतो. दिवसभर वाळवून उलट्या बाजूने गरम इस्त्री, वाफ नको.

कुंचला: इस्त्री केलीच नव्हती. म्हटलं, ऊन एवढं आहे, सुकलं की झालं. हा घ्या फोटो.

भर_उन्हात: टेकडीचे दोन्ही उतार सारखे काढलेत. वारा येतो त्या बाजूला चढ लांब आणि मंद असतो, पलीकडे वाळू घसरते, उतार साधारण ३४ अंशांचा. गडद सावली तिकडं टाकली तर लई भारी दिसेल.

कुंचला: आता नका हो हे काढू, सहा रंगवून झालेत!

पूर्वभाग_अण्णा: सहांना इस्त्री करा, पण खळीवर बसलेल्या रंगाची खात्री मी देणार नाही. गिऱ्हाइकाला सांगा, गार पाण्यात, हातानेच धुवा. सातवा कोरा आहे ना? तो आत्ताच कोमट पाण्यात साबणपूड घालून भिजवा.

कुंचला: भिजवला. अण्णा, उलट्या बाजूने म्हणजे आतून ना? एकावर वरूनच फिरवली. इस्त्रीला पिवळा रंग चिकटलाय.

मीठवाली: कागदावर मीठ पसरा, त्यावर गरम इस्त्री घासा, निघेल. बघा, मीठच लागलं शेवटी.